विज्ञानाच्या मानव्यविद्याशाखीय अभ्यासाचे प्रादेशिक जाळे कसे उभारावे

रत्नागिरीच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे एखादे प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या पंचांगांच्या गणिताची टाचणे काढत असतात. पुण्यात कोणी संशोधक विद्यार्थिनी प्लेगच्या साथीवर प्रबंध लिहीत असते. कोल्हापुरात तत्त्वज्ञानाचे अध्यापक विगमनाचा, म्हणजे मोजक्या उदाहरणांवरून सर्वसाधारण नियम काढण्याचा, प्रश्न दरवर्षी चार-पाच विद्यार्थ्यांना समजावून सांगत असतात. आणि पणजीत निवृत्त झालेला एखादा डॉक्टर पोर्तुगीज काळातल्या वैद्यकशाळेचे जुने अहवाल जमवत असतो. या चौघांचा विषय मुळात एकच आहे, पण विद्यापीठांच्या विभागरचनेत त्यांना एकत्र बसवणारी खोली नसल्यामुळे त्यांची आयुष्यभर गाठ पडत नाही. ती खोली कशी बांधावी, याविषयी हे टिपण आहे. मी स्वतः अशा एका मंडळाचा काही वर्षे निमंत्रक होतो आणि इथे जे सांगतो आहे त्यातले निम्मे स्वतःच्या चुकांमधून शिकलो आहे.

विषयाची हद्द

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी, नाहीतर पहिल्या वर्षात गोंधळ होतो. विज्ञानाचा मानव्यविद्याशाखीय अभ्यास म्हणजे विज्ञानाचा इतिहास, विज्ञानाचे तत्त्वज्ञान, विज्ञानाचे समाजशास्त्र आणि विज्ञानविषयक लेखनाचा भाषिक-वाङ्मयीन अभ्यास. विज्ञानप्रसार हे याहून वेगळे काम आहे आणि मराठीत ते मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून करत आली आहे. त्याची नक्कल करण्याचे कारण नाही. लस शरीरात काय करते, हा प्रसाराचा प्रश्न झाला. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, त्यानंतर ती कोणी घेतली, कोणी नाकारली, कोणाच्या शब्दावर घेतली आणि त्याच वर्षी लागू झालेल्या साथरोग कायद्याच्या धाकामुळे औषध आणि सरकार या दोन गोष्टी लोकांच्या मनात कशा एक झाल्या, हा आपला प्रश्न.

नाव ठरवताना आणखी एक पेच पडतो. मराठीत विषयाला आपण ‘विज्ञान’ म्हणतो, पण ते करणाऱ्याला बहुतेक वेळा ‘शास्त्रज्ञ’ म्हणतो. भौतिकशास्त्रही शास्त्र, धर्मशास्त्रही शास्त्र आणि गाण्याची बैठकही शास्त्रीय. इंग्रजीत हा प्रश्न निदान या स्वरूपात येत नाही. आमच्याकडे नावावर दोन बैठका खर्ची पडल्या तेव्हा मला चीड आली होती. आता वाटते की त्या बैठका वाया गेल्या नव्हत्या, कारण ‘शास्त्र’ या शब्दाची एकोणिसाव्या शतकातली घडण हाच पुढे आमच्या एका सदस्याच्या अभ्यासाचा विषय झाला. तरीही सल्ला असा की नाव लवकर ठरवावे आणि वाद टिपून ठेवावा.

प्रदेश साधनांवरून ठरवावा

‘प्रादेशिक’ या शब्दाचा अर्थ जिल्ह्यांच्या सीमा असा घेतला की जाळे कागदावरच राहते. जगात या विषयाच्या मोठ्या संघटना जुन्या आहेत; अमेरिकेतील विज्ञानेतिहासाची संस्था १९२४ ची, ब्रिटनमधील १९४७ ची. प्रदेश हा केंद्र धरून चाललेला उपक्रम म्हणून पूर्व आशियाकडे पाहता येते: तैवानच्या पुढाकाराने २००७ मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज या विषयाचे जे नियतकालिक सुरू झाले, त्यात जपान आणि कोरियातील अभ्यासकही संपादनात होते, आणि युरोप-अमेरिकेत तयार झालेले सिद्धांत आपल्या भागातल्या उदाहरणांना केवळ लावून पाहायचे की आपल्या उदाहरणांवरून सिद्धांतच तपासायचे, हा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला. आपल्याकडे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे विज्ञानेतिहासाचे नियतकालिक १९६६ पासून निघते आहे, पण ते राष्ट्रीय पातळीवरचे आणि इंग्रजीतले. त्याखालच्या पातळीवर, म्हणजे सकाळच्या गाडीने निघून रात्री घरी परतता येईल इतक्या टापूत, अशा जाळ्याला भरपूर वाव आहे.

असा टापू कसा ओळखावा, हे एका उदाहरणाने सांगतो. मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली आणि १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. सुरुवातीच्या काळात या नोंदी उपकरण डोळ्यांनी वाचून तासातासाला घेतल्या जात. छायाचित्रणाने आपोआप नोंद करणारी उपकरणे नंतर आली. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होते, म्हणून खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली आणि तिच्या इमारतीत लोखंड येणार नाही, दगडसुद्धा चुंबकीय अंश नसलेला असेल, याची काळजी घेतली गेली. १९०४ पासून अलिबागचे काम सुरू झाले. ट्राम प्रत्यक्ष धावली १९०७ मध्ये. मधल्या काळात, १९०४ ते १९०६, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. हे सगळे नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत झाले. ते या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक.

या एकाच घटनेत किती जणांचे काम आहे ते पाहा. दोन जागांची मापने ‘एकच मालिका’ म्हणायची ती कोणत्या आधारावर, हा तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा प्रश्न. नगरपालिका, ट्राम कंपनी आणि सरकार यांच्यातील पत्रव्यवहार शोधणे हे इतिहासकाराचे काम, आणि ते मुंबईच्या दफ्तरात बसल्याशिवाय होणार नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा क्षैतिज (आडवा) घटक म्हणजे काय आणि त्यात प्रवाहामुळे किती फरक पडतो, हे भौतिकशास्त्राचाच माणूस सांगू शकतो. आणि अलिबागच्या शाळेतील शिक्षकाला त्या इमारतीच्या आवारात विद्यार्थी नेता येतात. मुंबई आणि अलिबाग हा आपल्या जाळ्याचा पहिला धागा होऊ शकतो, कारण तो धागा १९०४ मध्येच ओढला गेला आहे.

असे आणखी धागे आहेत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पूर्वावतारात, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली; २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला होता, आणि त्यांच्या निवृत्तीनंतर १९१२ मध्ये तिथली दुर्बीण कोडाईकनालला गेली. जेऊर स्टेशनवरून जाणाऱ्या किती प्रवाशांना हे ठाऊक असेल? पुण्यातल्या ‘सिमला ऑफिस’ नावाच्या चौकातून रोज हजारो माणसे जातात. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले त्याची ती खूण आहे. गोव्यात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये छापला गेला, वैद्यकशाळा १८४२ मध्ये स्थापन झाली आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही आज तिथेच आहे. चारशे वर्षांचा पल्ला दहा-बारा किलोमीटरांच्या परिघात आहे.

तेव्हा प्रदेश ठरवताना पुढील कृती करावी. एका मोठ्या कागदावर आपल्या ओळखीच्या अभ्यासकांची गावे लिहावीत. दुसऱ्या रंगाने दफ्तरे, जुनी ग्रंथालये, वेधशाळा, प्रयोगशाळा, संग्रहालये लिहावीत. मग एका ठिकाणचे साधन दुसऱ्या ठिकाणच्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर देते अशा जोड्या रेघांनी जोडाव्यात. जिथे रेघा दाट होतात तो आपला प्रदेश. ज्या गावाला एकही रेघ लागत नाही ते गाव केवळ प्रतिनिधित्वाच्या हिशेबाने ओढून आणू नये.

पहिली बैठक

आमची पहिली बैठक म्हणजे उद्घाटन समारंभ होता, आणि ती आमची पहिली घोडचूक. एका महाविद्यालयाने सभागृह दिले, हजेरी सक्तीची केली, शंभरेक विद्यार्थी बसवले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय आणि आभार यांत दोन तास गेले आणि विषयावर बोलायला पंचवीस मिनिटे उरली. दुसऱ्या बैठकीला आम्ही चौघे होतो. त्या चौघांवरच पुढे मंडळ उभे राहिले, म्हणून आता मी सांगतो की उद्घाटन करायचेच असेल तर ते शास्त्रापुरते करावे आणि खरी पहिली बैठक सात-आठ जणांची, एका टेबलाभोवती घ्यावी.

त्या टेबलावर एकच कागद असावा. पुस्तक किंवा लेखांची यादी नको. सगळ्यांसमोर एका जुन्या पानाची एकेक प्रत हवी. आम्ही मूस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींच्या संग्रहातले आकड्यांच्या कोष्टकाचे एक पान घेतले होते. पहिली पाच मिनिटे कोणीच बोलेना, कारण आकड्यांच्या कोष्टकात बोलण्यासारखे काय असणार! मग भौतिकशास्त्राच्या सरांनी स्तंभ कसे वाचायचे ते सांगितले. त्यावर इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, रात्री दोन वाजता हा आकडा लिहायला कोण बसत होतं?” इथून गाडी चालू लागली. जुन्या काळातल्या अशा नोंदींमागे साहेबांखालचे भारतीय मदतनीस होते आणि गणितज्ञ केरूनाना छत्रे यांची नोकरी तरुणपणी याच वेधशाळेत झाली होती, हे कोणी सांगितले. मराठीच्या बाईंनी लक्ष वेधले की कोष्टकात माणूस कुठेच नाही, आकडे जणू आपोआप झाले आहेत. ही लिहिण्याची रीत कुठून आली? तत्त्वज्ञानाचे सर म्हणाले की झोपाळू माणसाची चूक आणि पृथ्वीच्या चुंबकत्वातला खरा फरक, या दोन्हींमध्ये फरक करण्याची जी पद्धत आहे तिलाच आपण वस्तुनिष्ठता म्हणतो का, हे तपासले पाहिजे. दोन तास कसे गेले कळले नाही, आणि निघताना प्रत्येकाकडे घरी नेण्याजोगा एक प्रश्न होता.

असे पान निवडण्याची कसोटी सोपी आहे. ते एकट्या विषयाच्या माणसाला पूर्ण कळू नये, पण प्रत्येकाला त्यातले काहीतरी कळावे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या भारतीय ज्योतिषाच्या इतिहासातले ग्रहगणिताचे पान चालते, साथीच्या काळातले सरकारी परिपत्रक चालते, जुन्या शालेय पुस्तकातला पृथ्वीच्या गोलत्वाचा धडा फारच चांगला चालतो. चालू घडीचा वृत्तपत्रीय लेख चालत नाही, कारण त्यावर सगळ्यांचे मत आधीच ठरलेले असते.

बैठकांचा ताल महिन्यातून एक, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी असावा. ‘सर्वांच्या सोयीने’ म्हटले की तारीख कधीच ठरत नाही. दहा महिने बैठका गावोगावी फिरत्या ठेवाव्यात, मे महिना मोकळा सोडावा आणि वर्षातून एकदा दोन दिवसांचा मुक्काम करावा. दूरदृश्य बैठकीची सोय ज्यांना प्रवास जमत नाही त्यांच्यासाठी जरूर ठेवावी, मात्र वर्षातून निदान तीनदा प्रत्येकाने समक्ष यावे असा संकेत पाडावा. ओळखी टेबलावर होतात. खऱ्या ओळखी चहाच्या टपरीवर.

भाषा

या जाळ्याचे काम कोणत्या भाषेत चालावे, यावर मतभेद होतील. माझे मत असे की बोलणे मराठीत व्हावे, गोव्यातली मंडळी असतील तेव्हा कोंकणीत बोलायलाही कोणाला संकोच वाटू नये, आणि लेखन ज्याला जसे जमेल तसे मराठीत किंवा इंग्रजीत. याचे कारण भाषाभिमान एवढेच नाही. आपली कितीतरी साधने मोडी लिपीत, मराठीत, पोर्तुगीजमध्ये आणि संस्कृतात आहेत, आणि ज्या भाषेत साधन आहे त्या भाषेत चर्चा झाली की अनुवादात गळून जाणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. ‘वेध घेणे’ आणि ‘निरीक्षण करणे’ यांतला फरक इंग्रजी मसुद्यात दिसलाच नसता.

यासाठी परिभाषेची एक वही ठेवावी. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि मराठी विश्वकोशाचे खंड हाताशी असू द्यावेत, पण त्यांतला शब्द पटला नाही तर का पटला नाही ते लिहून आपला शब्द पुढे मांडावा. विज्ञानाचे इतिहासकार व तत्त्वज्ञ टॉमस कून यांच्या १९६२ च्या पुस्तकातील मध्यवर्ती संकल्पनेला (इंग्रजीत ‘पॅराडाइम’) आपण ‘प्रतिमान’ म्हणतो. तो शब्द ‘मॉडेल’साठीही वापरला जातो, आणि दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात आले की वाचक हतबल होतो. अशा ठिकाणी एकदाच काय ते ठरवून वहीत नोंदवावे. चार वर्षांत ही वही तुमच्या जाळ्याची सर्वांत उपयोगी निर्मिती ठरेल, असे मी अनुभवाने सांगतो.

दफ्तरे आणि माणसे

साधनांपर्यंत पोचवणे हा अशा जाळ्याचा खरा व्यवहार आहे. मुंबईचे राज्य पुराभिलेखागार एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था जवळच आहेत. मुंबईत १८०४ ची एशियाटिक सोसायटी आणि १८८३ ची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आहे. नवख्या माणसाला या ठिकाणी जाताना मुख्य अडचण असते ती ओळखपत्राची आणि भीतीची. पहिलीवर उपाय म्हणजे सदस्यांपैकी ज्यांच्याकडे विभागप्रमुखपद आहे त्यांनी शिफारसपत्रे देण्याची जबाबदारी घ्यावी. दुसरीवर उपाय म्हणजे नवख्याला एकटे न पाठवता पहिल्या दिवशी अनुभवी सदस्याने सोबत जावे, रुमाल कसा सोडावा आणि तसाच परत कसा बांधावा, पेन बाहेर ठेवून पेन्सिल का वापरावी, नोंदीत दफ्तराचे नाव, रुमाल क्रमांक आणि तारीख आधी कशी लिहावी, हे हातात धरून दाखवावे. ज्याने क्रमांक लिहिला नाही त्याने तो कागद पाहिलाच नाही, असे आमच्या मंडळात गमतीने म्हटले जाई. शोधनिबंध तपासणाऱ्याने संदर्भ विचारला की ती गंमत उरत नाही.

मोडी शिकवण्याचा वर्ग स्वतंत्र काढू नये. जिथे चांगला वर्ग चालू आहे तिथे दोन-तीन सदस्य पाठवावेत आणि परत आल्यावर त्यांनी इतरांना शिकवावे.

कागदांइतकीच माणसे महत्त्वाची, आणि माणसांच्या बाबतीत उशीर परवडत नाही. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली, मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये. त्यांच्या पहिल्या दशकांतली मंडळी आता फार थोडी उरली आहेत. मुलाखती घ्यायच्या त्या नामवंत वैज्ञानिकांच्याच, असा आपला कल असतो. त्यांच्याविषयी लिहिलेले पुष्कळ सापडते. काचेची उपकरणे फुंकून बनवणारे कारागीर, कार्यशाळेतले फिटर, ग्रंथपाल, टंकलेखक, प्राणिगृह सांभाळणारे यांच्याकडे मात्र कोणी जात नाही, आणि प्रयोग प्रत्यक्षात कसा उभा राहिला हे त्यांनाच ठाऊक असते.

मुलाखतीला दोघांनी जावे: एकाने बोलावे, दुसऱ्याने ध्वनिमुद्रणाकडे आणि टिपणांकडे पाहावे. संमतिपत्र मराठीत, एका पानाचे असावे. मुलाखत कुठे ठेवली जाईल, कोण ऐकू शकेल आणि कोणता भाग वगळायचा याचा निर्णय देणाऱ्याचा राहील, हे त्यात स्वच्छ लिहावे. ‘तुमच्या कार्याविषयी सांगा’ या प्रश्नाला भाषण मिळते. त्याऐवजी त्यांच्या हातात एखादी वस्तू द्यावी. आम्ही एका निवृत्त काच-कारागिरांकडे गेलो तेव्हा अर्धा तास औपचारिक उत्तरे मिळत होती. मग सोबत नेलेली काचेची तोटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “घाईत थंड केलंय हे. वर्षभरात तडकेल.” त्यानंतरचा दीड तास म्हणजे हातांना काय कळते आणि ते पुस्तकात का लिहिता येत नाही, यावरचा आम्ही ऐकलेला सर्वांत चांगला पाठ होता.

पुराव्याचा नियम

प्रत्येक मंडळात लवकरच कोणीतरी येऊन सांगतो की हे सगळे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते. आणि कोणीतरी दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो की एकोणिसाव्या शतकाआधी इथे काहीच नव्हते. दोघांनाही एकच नियम लावावा: पान दाखवा, प्रत दाखवा, तिचा काळ कशावरून ठरवला ते सांगा. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा मराठी घरांत सर्रास सांगितली जाते. त्यावर हसणे सोपे आहे, आणि मान डोलावणेही. आमच्याकडे हा विषय निघाला तेव्हा ज्यांनी तो काढला त्यांनाच काम दिले गेले: त्या वर्षाची वृत्तपत्रे आणि अनेक वर्षांनी लिहिलेल्या आठवणी वेगवेगळ्या ढिगांत लावा, आणि कोणत्या ढिगात काय सापडते ते पुढच्या बैठकीत सांगा. विमानांविषयीचा जो संस्कृत ग्रंथ नेहमी पुढे केला जातो, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये केला आणि तो विसाव्या शतकाच्या आरंभाआधीचा नाही, त्यातली विमाने उडण्याजोगीही नाहीत, असा निष्कर्ष काढला. तोही लेख वाचायला ठेवावा. इथेच थांबू नये. ही कथा लोकांना इतकी प्रिय का झाली आणि कोणत्या दशकात तिला बहर आला, हा प्रश्न आपल्या विषयाच्या अगदी केंद्रस्थानी आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना श्रद्धाळू सदस्यही मनापासून राबतो.

दोन्हीकडे पाय असलेल्या माणसाचे उदाहरण हवे असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबी डोळ्यासमोर ठेवावेत. गणिती असलेल्या या माणसाने आहत (ठसे ठोकून पाडलेल्या प्राचीन) नाण्यांची वजने करून त्यांचा सांख्यिकीने अभ्यास केला आणि त्यातून नाण्यांच्या चलनवलनाविषयी, म्हणजे इतिहासाविषयी, निष्कर्ष काढले. जाळ्यात येणाऱ्या विज्ञानाच्या शिक्षकाला ‘इतिहास आमचा विषय नाही’ असे वाटत असेल तर त्याच्यासमोर तराजू ठेवावा.

पैसा, नोंदणी आणि कामाची वाटणी

पहिली दोन वर्षे नोंदणी करू नये. सोसायट्यांच्या १८६० च्या कायद्याखाली नोंदणीसाठी किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणूनही नोंद होते. त्यानंतर दरवर्षी हिशेबतपासणी आली, कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल आला. सात सह्या सहज मिळतात, पण कागदपत्रे सांभाळणारा एक माणूस मिळत नाही आणि मग संस्था नावापुरती उरते. तिसऱ्या वर्षी असा माणूस तयार झाला असेल तरच नोंदणीचा विचार करावा. गोव्यातील सदस्य वेगळ्या राज्याच्या कायद्याखाली येतात, हेही तेव्हा लक्षात घ्यावे.

तोपर्यंत खर्च भागवण्याची साधी रीत अशी: जिथे बैठक तिथल्या यजमान संस्थेने जागा आणि चहा द्यावा, नोकरी असलेल्यांनी प्रवास स्वतःच्या खिशातून करावा, आणि वर्षाला पाचशे रुपयांसारखी छोटी वर्गणी जमवून तिच्यातून फक्त संशोधक विद्यार्थ्यांचे आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांचे भाडे द्यावे. मानधन कोणालाही देऊ नये, पाहुण्यालाही नाही. शाल-श्रीफळ तर नाहीच. दोन दिवसांच्या वार्षिक मुक्कामासाठी मात्र भारतीय इतिहास, समाजविज्ञान किंवा तत्त्वज्ञान संशोधन परिषदेकडे यजमान महाविद्यालयामार्फत अर्ज करता येतो. चर्चासत्राच्या अनुदानाचा अर्ज सहा-आठ महिने आधी तयार असावा.

प्रमाणपत्राची मागणी होणारच, कारण अध्यापकांच्या बढतीचे गुण त्यावर अवलंबून असतात, आणि त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. ज्याने टिपण वाचले किंवा साधन आणून दाखवले त्यालाच प्रमाणपत्र द्यावे, नुसत्या हजेरीला देऊ नये. एवढ्याने येणाऱ्यांची संख्या अर्धी होते आणि चर्चेची उंची वाढते.

निमंत्रक दोन वर्षांनी बदलावा, आणि दोन सलग निमंत्रक एकाच शहरातले किंवा एकाच विषयाचे नसावेत. मी स्वतः एक वर्ष जास्त राहिलो. मंडळींनी आग्रह केला होता हे खरे, पण त्या वर्षात बैठका माझ्याच विषयाभोवती फिरत राहिल्या आणि दोन चांगले सदस्य गळाले. बैठकीचे इतिवृत्त दरवेळी नव्या माणसाने, एका पानात, तीन दिवसांच्या आत लिहावे; त्यात ठराव कमी आणि निघालेले प्रश्न जास्त असावेत. ही इतिवृत्ते, परिभाषेची वही, मुलाखतींच्या मुद्रणांच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती आणि वर्गणीचा हिशेब, एवढा ऐवज जुन्या निमंत्रकाने नव्याच्या हवाली जूनच्या बैठकीत सर्वांसमोर करावा. व्हॉट्सॲपवर पाठवलेले दफ्तर धरू नये. फोन बदलला की ते गेले.

नवा निमंत्रक पहिल्याच आठवड्यात वर्षभराच्या दहा तारखा आणि दहा गावे लिहून सर्वांना कळवेल, आणि जुलैच्या बैठकीसाठी कोणते पान घ्यायचे ते त्याच पत्रात सांगेल.